थळची वाडी अश्केलोनात

बेंजामिन झिराडकरांनी आयुष्यात पहिल्यांदा कुदळ हातात धरली तेव्हा ते एकसष्ट वर्षांचे होते. आडनाव कोकणातल्या गावाचं, पण ते गाव त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. जन्म मुंबईचा, शिक्षण मुंबईचं, आणि अठ्ठावीस वर्षं माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर म्हणून ड्यूटी. लोखंडाचं काही सांगा, ते करून देतील. झाडाचं मात्र त्यांना एवढंच ठाऊक होतं की त्याला पाणी लागतं.

ते इस्रायलात, अश्केलोनला आमच्या शिकूनमध्ये, म्हणजे सरकारनं बांधलेल्या चाळीसारख्या इमारतीत, तळमजल्यावर राहायचे. मी त्यांच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर. मी दवाखान्यात मदतनीस होते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मराठी बोलायला हक्काचं घर ते एकच. मी त्यांना बेंजामिनभाऊ म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला मल्कावहिनी. त्यांना एकच मुलगी, झिवा. एकोणीसशे सहासष्टला ते सगळे इकडे आले तेव्हा झिवा बारा वर्षांची होती. पुढे ती यरुशलेमला सरकारी कचेरीत लागली आणि दर दुसऱ्या शुक्रवारी बसने घरी येऊ लागली.

मल्कावहिनी मात्र खऱ्या कोकणातल्या, अलिबागेजवळच्या थळच्या. त्यांच्या वडिलांची तिथे नारळी-पोफळीची वाडी होती, खाली भाजीचे वाफे. लग्न होऊन मुंबईला आल्या तरी दर वर्षी दोन महिने माहेरी जायच्या. बाई अगदी कमी बोलणाऱ्या. अश्केलोनला त्यांनी कधी कशाची तक्रार केली नाही. हिब्रू शिकल्या, बाजार करायला शिकल्या, इथल्या पिठाच्या भाकऱ्या थापायला शिकल्या. मला वाटायचं, ही बाई कुठेही रुजेल.

सत्त्याहत्तर साली त्या विसरू लागल्या. आधी मीठ दोनदा पडायचं. मग एक दिवस किराणावाल्यासमोर उभ्या राहिल्या आणि तांदळाला हिब्रूत काय म्हणतात ते आठवेना. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मिली, याला सांग ना तांदूळ." मी हसले. त्या हसल्या नाहीत.

हिब्रू अशीच जात राहिली, महिन्याला थोडी. मग मुंबईतलं इंग्रजी गेलं. बेरशेव्याच्या मोठ्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की याला औषध नाही, जे सर्वांत शेवटी आलं ते आधी जाईल, सर्वांत जुनं आहे ते शेवटपर्यंत राहील. बेंजामिनभाऊंनी ते वाक्य मला दोनदा मराठीत करून मागितलं. मग म्हणाले, "म्हणजे मी मधला."

अठ्ठ्याहत्तरच्या डिसेंबरात मल्कावहिनी घरातून निघून गेल्या. पाऊस पडत होता. चार तासांनी समुद्रावर सापडल्या, साडी भिजलेली, पाय अनवाणी. मासे धरणाऱ्या दोघा माणसांना त्या मराठीत विचारत होत्या की आमची वाडी कुठल्या अंगाला राहिली. त्या माणसांनी त्यांच्या अंगावर आपला कोट घातला होता आणि पोलिसांना कळवलं होतं.

दुसऱ्या दिवशी बेंजामिनभाऊ माझ्याकडे आले. "दाराला कडी लावून ठेवा म्हणतात सगळे," ते म्हणाले. "झिवापण तेच म्हणते. पण ती वाडी शोधत जाते ना, मिलीबाई? मग वाडी घरीच केली तर?"

मला आधी ते दुःखाचं बोलणं वाटलं. पण त्या माणसानं इथल्या पाइपच्या कारखान्यातली नोकरी निवृत्तीच्या आधीच सोडली आणि खरोखर वाडी करायला घेतली.

घरामागे त्यांच्या वाट्याची जागा होती, पंधरा पावलं लांब आणि दहा रुंद. नुसती वाळू. तिच्यात कुसळं आणि एक मोडका पाळणा. जानेवारीत त्यांनी प्लॅन काढायला सुरुवात केली. कारखान्यातून आणलेल्या जुन्या ड्रॉइंगच्या पाठकोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं, पट्टी लावून. रोज संध्याकाळी चहानंतर ते मल्कावहिनींना स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवायचे आणि विचारायचे. मी बऱ्याचदा तिथे असायचे.

"विहीर कुठे होती तुमची?"

"उगवतीला. दुसरीकडे कुठे असणार?"

"आणि समुद्र?"

"मावळतीला. तुम्ही काय पाहिलं नाही का कधी?"

समुद्र अश्केलोनलाही मावळतीलाच. भाऊंनी सुस्कारा सोडला. नकाशा फिरवावा लागणार नव्हता.

त्या संध्याकाळी मल्कावहिनी जितक्या बोलल्या तितक्या मी त्यांना दहा वर्षांत बोलताना ऐकलं नव्हतं. विहिरीपासून पाट कसा निघतो, पाटाच्या दोन्ही अंगांना अळू का लावायचं, पडवळाचा मांडव घराच्या सावलीत का येऊ द्यायचा नाही. सकाळी त्यांना नवऱ्याचं नाव आठवायला वेळ लागायचा, पण मिरचीच्या दोन रोपांमध्ये किती अंतर हवं ते वीत मांडून दाखवायच्या. भाऊ लिहून घ्यायचे. एकदा मला म्हणाले, "आमचं लग्न होऊन अडतीस वर्षं झाली. मी हिला हे कधी विचारलंच नाही हो."

फेब्रुवारीत जमिनीचं काम निघालं. वाळूत पाणी ठरत नाही, ते खाली पळतं. भाऊंनी जवळच्या मोशावातून, म्हणजे शेतकऱ्यांच्या वस्तीतून, ट्रॅक्टरवाल्याकडून दोन खेपा तांबडी माती आणवली. गोठ्यातलं जुनं शेण ते स्वतः सायकलवर गोणी बांधून आणायचे. आठ दिवस वास सुटला होता आणि समोरच्या बिऱ्हाडानं तक्रार केली. भाऊ त्यांच्याकडे जाऊन हात जोडून आले. मग वाळू, माती आणि शेण एकत्र कालवून वाफे केले. पहिले वाफे त्यांनी गुण्या लावून अगदी काटकोनात केले, चारी कडा सरळ. मल्कावहिनींनी खुर्चीवरून पाहिलं आणि उठून पायानं एक कड मोडली. "पाण्याला वाट ठेवा," म्हणाल्या. "पेटी केलीत काय?"

विहीर करता येणार नव्हती. भाऊंनी उगवतीच्या कोपऱ्यात एक पिंप उंचावर बसवलं, घरातल्या नळाचं पाणी त्यात सोडलं आणि पत्र्याची लांब पन्हळ करून ते वाफ्यांपर्यंत आणलं. उतार त्यांनी लेव्हल लावून साधला होता, कारण पाणी पळायला नको, वाजत यायला हवं, असं मल्कावहिनींनी सांगितलं होतं. पहिल्या दिवशी पाणी सोडलं तेव्हा त्या पन्हळीशी बसून राहिल्या, बोटं पाण्यात धरून.

बी ठाण्याहून आलं. मल्कावहिनींचा धाकटा भाऊ बारूख तिथे राहायचा. त्यानं पत्रातून पडवळ, दोडका, भेंडी, चवळी आणि लाल भोपळ्याचं बी पाठवलं, प्रत्येक पुडीवर नाव घालून. अळूचे कंद लोदच्या एका आपल्याच बाईकडून मिळाले. पुरीम आला, ज्याला आमच्या कोकणातल्या ज्यूंत होळीचा सण म्हणतात, आणि तो झाल्यावर पेरणी ठरली. आदल्या दिवशी मल्कावहिनींनी भोपळ्याचं बी ओल्या फडक्यात बांधून ठेवलं. सकाळी त्या म्हणाल्या, राख द्या. घरात गॅस, राख कुठली? भाऊंनी मोडक्या पाळण्याच्या फळ्या जाळून राख केली. वहिनींनी बी राखेत घोळवलं आणि टोक खाली धरून एकेक अंगठ्यानं दाबलं. एकही चुकलं नाही. तोच अंगठा दुपारी ब्लाऊजच्या गुंडीशी अडखळला आणि भाऊंनी ती लावून दिली.

सहाव्या दिवशी चवळी वर आली, आठव्या दिवशी भेंडी. भाऊ पहाटेपासून वाफ्यांवर ओणवे. मला खालून हाक मारायचे, "मिलीबाई, दोडका निघाला," जणू नातवंड झालं. मल्कावहिनी घर सोडून गेल्या नाहीत त्यानंतर. एकदासुद्धा नाही. दिवसभर वाडीत. तण काढायच्या, वेल मांडवावर चढवायच्या, तोंडानं गुणगुणायच्या. एप्रिलभर मला वाटत होतं, डॉक्टरांचं चुकलं.

मे महिन्यातली गोष्ट. पडवळं लोंबायला लागली होती. भाऊ अनवाणी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, डोक्याला उन्हासाठी फडकं बांधलेलं, अळूला पाणी देत होते. मी वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते. मल्कावहिनी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "गोमा, मांडवाची ती बाजू खचलीय, बघ."

गोमा हा त्यांच्या वडिलांच्या वाडीवरचा गडी. त्याच्याबद्दल टेबलाशी बसून त्यांनी खूपदा सांगितलं होतं.

भाऊ हसून म्हणाले, "गोमा कुठला? मी बेंजामिन. अहो म्हणायचं मला."

मल्कावहिनींचा चेहरा बदलला. दोन पावलं मागे सरल्या, मग ओरडल्या, की वाडीत कोणी परका पुरुष शिरलाय, गोमाला बोलवा. मी धावत खाली गेले. त्या मांडवाचा खांब धरून रडत होत्या आणि भाऊ समोर उभे, हातातली झारी तिरकी, पाणी त्यांच्याच पायावर सांडत होतं. भाऊ जवळ गेले की त्या जास्त रडायच्या. शेवटी मी त्यांना घरात नेलं.

दुसऱ्या दिवशी परत त्यांनी हाक मारली. "गोमा."

भाऊंनी हातातली झारी खाली ठेवली. मग म्हणाले, "होय, बाय."

"जेवलास का?"

"जेवायचंय, बाय."

त्यांनी ताटात भाकरी आणि चवळीची उसळ आणून मागच्या पायरीवर ठेवली. गडी तिथेच जेवायचा. भाऊ पायरीवर बसून जेवले.

सुरुवातीला त्यातून त्यांनी एक तोड काढली होती. संध्याकाळी मल्कावहिनी म्हणायच्या, "गोमा, जा आता घरी." मग ते मागच्या बाजूने बाहेर पडायचे, माझ्याकडे येऊन हातपाय धुवायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे, केसांना पाणी लावायचे आणि पुढच्या दारानं घरी जायचे. मल्कावहिनी दार उघडून म्हणायच्या, "आलात? उशीर झाला आज." तेवढ्या शब्दांसाठी ते दिवसभर थांबत. हे पाच आठवडे चाललं असेल. मग एका संध्याकाळी मल्कावहिनींनी पुढचं दार उघडलं, शर्टातल्या माणसाकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "घरात कोणी पुरुषमाणूस नाही. नंतर या." आणि दार लावून घेतलं.

भाऊ वर आले. माझ्या खुर्चीवर बसले. शर्टाची गुंडी काढली आणि म्हणाले, "ते फडकं द्या हो माझं."

तेव्हापासून ते गोमाच झाले. रात्री स्वयंपाकघरात चटई टाकून झोपायचे, कारण मल्कावहिनींच्या लेखी ती ओसरी होती आणि राखणीला गड्यानं ओसरीवर झोपलेलं त्यांना चालायचं.

कामामुळे बरेच आठवडे न आलेली झिवा त्या शुक्रवारी आली. वडिलांना पायरीवर ताट घेऊन बसलेलं तिनं पाहिलं. तिला मराठी समजायचं, पण इतक्या वर्षांत बोलायची सवय मोडली होती, तिसऱ्या शब्दाला हिब्रू यायची. आईला हिब्रू कळेनाशी झाल्यापासून दोघींचं बोलणंच थांबल्यासारखं होतं. झिवा आईजवळ बसली, आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली, "इमा, मी आली." मल्कावहिनींनी तिला पाट दिला, पाणी दिलं आणि विचारलं, "तुम्ही कुणाकडच्या? अलिबागेहून आलात?" पाहुणी असल्यासारखं, अहो-जाहो करून.

झिवा मागच्या दाराशी आली आणि वडिलांवर बरसली. सगळं हिब्रूत, पण मला कळत होतं. ती म्हणाली, "अब्बा, तूच तिला तिकडे पाठवलंस. ती थोडी थोडी जात होती. तू तिला पूर्ण गाव बांधून दिलंस. आता ती परत कशाला येईल?"

भाऊंनी ताट खाली ठेवलं. "ती रडत नाही आता," एवढंच म्हणाले.

"मी रडते," झिवा म्हणाली आणि शनिवारचा शब्बाथ संपायची वाट बघून रविवारच्या पहिल्या बसने गेली.

मला आजही वाटतं, तिचं खरं होतं. भाऊंचंही होतं.

जूनच्या अखेरीस एका दुपारी भाऊ टॉवेलात भेंडी घेऊन वर आले. भेंडी टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसले. मी चहा केला. अर्धा कप प्यायल्यावर म्हणाले, "काल ती चवळी सोलत बसली होती. मला म्हणाली, गोमा, तुला एक सांगते, कुणाकडे बोलू नको. आमचे यजमान म्हणतात, इस्रायलला जायचं. कागदपत्रं पण केलीत. म्हणतात, आपला देश आहे, मुलीचं भलं होईल."

मी त्यांचा कप भरला.

"म्हणाली, मला नाही जायचं रे गोमा. माझा जीव इथे आहे. तिकडे मी कुणाशी बोलू? पण त्यांच्या तोंडावर एवढा आनंद आहे, मी कशी नाही म्हणू. मी जाईन, आणि हसत जाईन. पण तू तरी ऐकून ठेव की मला जायचं नव्हतं."

भाऊंचा आवाज नेहमीसारखाच होता, वर्कशॉपातली एखादी गोष्ट सांगावी तसा. "मिलीबाई, तेरा वर्षं ती माझ्यासोबत इथे राहिली. एका शब्दानं बोलली नाही. आणि मी विचारलं नाही. मुंबईत पासपोर्ट घेऊन घरी आलो तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, आनंदाचं आहे. मी सगळ्यांना तसंच सांगितलं."

"मग तुम्ही काय म्हणालात तिला?" मी विचारलं.

"मी म्हणालो, नको जाऊ, बाय. मी सांगतो तुझ्या यजमानांना. तर म्हणाली, तू सांगशील? तुझं ऐकतील ते? मी म्हटलं, ऐकतील, बाय. चांगला माणूस वाटतो."

मग कप बाजूला सारून म्हणाले, "आज सकाळी उठल्या उठल्या विचारलं तिनं. नेमकं तेवढंच ध्यानात राहिलं. सांगितलंस का गोमा? मी म्हटलं, सांगितलं. ते म्हणाले, मल्काला नको असेल तर नाही जायचं. आपण इथेच राहू." त्यांनी तोंड टॉवेलात घातलं, भेंड्या टेबलभर झाल्या. "इतकी रडली हो. माझ्या पायरीवर बसून रडली. सुखानं."

म्हणजे मल्कावहिनींच्या लेखी त्या दिवसापासून ते कधी इकडे आलेच नव्हते. अश्केलोन झालं नाही, झिवाची शाळा झाली नाही, भाऊंनी दर शुक्रवारी आणलेली फुलं झाली नाहीत. ते सारं भाऊंनी स्वतःच्या तोंडानं पुसून टाकलं होतं.

त्याच आठवड्यात त्यांनी बारूखला पत्र लिहिलं की मी हिला थळला घेऊन येतो, थोडे दिवस वाडीत राहू द्याल का. उत्तर ऑगस्टात आलं. बारूखनं लिहिलं होतं की वाडी विकून सहा वर्षं झाली. ताईला वाईट वाटेल म्हणून कळवलं नाही. विहीर बुजवलीय, माड तोडलेत. गोमा त्याच्या आधीच वारला. आणू नका, दाजी, इथे बघण्यासारखं काही नाही.

भाऊ पत्र वाचत वाफ्याच्या कडेला उभे होते. मी तिथेच मिरच्या तोडत होते. मल्कावहिनी खुर्चीवरून म्हणाल्या, "कुणाचं पत्र रे?"

"मुंबईचं, बाय."

"यजमानांचं?"

"होय."

"वाच की मग. तुला कधीपासून वाचता यायला लागलं?"

"शिकलो, बाय. थोडं थोडं."

आणि बारूखचं पत्र समोर धरून ते वाचू लागले. "मल्का, तुझी खुशाली कळली. वाडी चांगली आली म्हणून ऐकलं. मी ड्यूटीवर ठीक आहे. जेवणाचे हाल आहेत, पण काळजी करू नकोस. तू सांगितलंस म्हणून बरं झालं. तू आधी का नाही सांगितलंस? मी रागावलो नसतो. मी तुला विचारायला पाहिजे होतं. रजा मिळाली की येतो. तोवर गोमा आहे, त्याला हवं ते सांग."

मल्कावहिनी लक्ष देऊन ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "असं कधी बोलत नाहीत ते. पत्रात बरं लिहितात." मग पत्र मागून घेतलं आणि पदरात बांधलं.

वाडी त्या उन्हाळ्यात अशी आली की सगळ्या शिकूनला भाजी पुरली. शेण आणलं म्हणून तक्रार करणारे दोडका मागायला यायचे. ऑक्टोबरात भोपळे उतरवले. थंडी पडल्यावर मल्कावहिनी बाहेर येईनाशा झाल्या. खाणं कमी झालं, चालणं सुटलं. जानेवारीत, पावसाच्या आठवड्यात, छाती भरली आणि त्यांना इस्पितळात हलवावं लागलं.

तिसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा भाऊ पलंगाशी स्टुलावर बसले होते. दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर, एकात एक घट्ट. नर्स मला बाजूला घेऊन म्हणाली, "त्यांना सांगा ना, बायकोचा हात धरा, धीर येतो." मी तसं सांगितलं.

"धरला होता," भाऊ म्हणाले. "तिनं सोडवून घेतला. म्हणाली, गोमा, हात सोड, लोक काय म्हणतील."

मल्कावहिनींनी माझ्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. त्यांना धाप लागली होती. भाऊ तसेच बसून राहिले, दुपारपासून दुसऱ्या दिवशी सकाळी अकरापर्यंत, हात मांडीवर ठेवून. अकराला त्या गेल्या. मग त्यांनी हात धरला.

सुतकाचे, ज्याला शिवा म्हणतात ते सात दिवस झिवा आणि भाऊ जमिनीवर शेजारी शेजारी बसले. येणारे लोक म्हणायचे, सुटली बिचारी. आठव्या दिवशी तिनं आईचं कपाट आवरलं. तिला एका साडीच्या पदराच्या गाठीत ते पत्र सापडलं. मुंबईतही तिची शाळा इंग्रजीच, तिला मराठी वाचता येत नव्हतं. माझ्याकडे घेऊन आली, "काय आहे?" म्हणून. मी तिला अक्षर न् अक्षर खरं वाचून दाखवलं, मामाचं पत्र, वाडी विकली, विहीर बुजवली. भाऊंनी जे वाचून दाखवलं होतं ते त्या कागदावर नव्हतंच, ते मी कुठून वाचणार?

मार्च आला तेव्हा भाऊंनी वाफ्यांना हात लावला नाही. बी पुष्कळ होतं, मल्कावहिनींनी स्वतः वाळवून ठेवलेलं. मी म्हटलं, थोडी भेंडी तरी टाका, वेळ जाईल. ते म्हणाले, "मला कुठे येतं ते? ती सांगायची." पेसाहच्या सणाआधी झिवा त्यांना यरुशलेमला घेऊन गेली. घर जॉर्जियाहून आलेल्या एका कुटुंबाला मिळालं. त्यांनी मांडव काढून द्राक्षाचा वेल लावला.

मल्कावहिनींच्या वर्षाच्या दिवशी मी यरुशलेमला गेले. झिवाचं घर तिसऱ्या मजल्यावर, खिडकीतून दगडी भिंत दिसायची. भाऊ वाळले होते, पण दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. काद्दीशची प्रार्थना झाली, झिवानं कुणाला तरी विचारून आमच्याकडचा पोह्यांचा मलिदा केला होता, पोहे थोडे कच्चे राहिलेले. लोक गेल्यावर आम्ही तिघंच उरलो. भाऊ आमच्याकडे पाठ करून खिडकीशी बसले होते.

झिवा माझ्याजवळ आली आणि मराठीत बोलू लागली. वर्षभरात ती पुन्हा शिकली होती, शब्द जुळवत जुळवत. "मिलीमावशी, एक विचारते. तुम्ही इमाला रोज बघत होतात. ती इथे सुखी होती का? आजारी पडायच्या आधी. तिला इथे यायचं होतं ना?"

भाऊंनी मान वळवली नाही. हातातली कपबशी तेवढी खिडकीत ठेवली.

मी म्हटलं, "होतं, बाळ. हसत आली ती."

झिवानं मान हलवली. डोळे पुसले आणि बश्या गोळा करून आत गेली. भाऊ उठून माझ्यापाशी आले, पिशवी उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "चला, तुम्हाला बसपर्यंत सोडतो. शेवटची बस लवकर असते."

बस सुटेपर्यंत ते थांब्यावर उभे होते. त्यानंतर ते पाच वर्षं जगले. दर पेसाहला माझ्याकडे पत्र यायचं, दोन ओळींचं, तब्येत ठीक आहे, झिवा ठीक आहे. भाजीपाल्याचा उल्लेख कधीच नसायचा.